बरणीत उतरलेला ताप

"उतरला! ताप उतरला! या, या, बघा!"

आरोळी ऐकून चार मजली इमारतीतली सगळी माणसं जिन्यावरून धडाधड खाली आली. एकाच्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच होता, एकीच्या हातात ओला पोछा होता. अंगणाच्या मधोमध लाकडी स्टूल, स्टुलावर रुंद तोंडाची काचेची बरणी आणि बरणीमागे राखाडी शाल पांघरलेले बरणीबाबा. बरणीतल्या पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. खाली बुडी मारायचं, झटका देऊन वर यायचं, पुन्हा बुडी.

"खक्-खक्," बाबांनी घसा साफ केला. "डॉक्टरकडे गेलात की तो काय दाखवतो? आकडा! एकशे दोन, एकशे तीन. आकडा म्हणजे ताप आहे का? कुणी ताप डोळ्यांनी पाहिलाय? आज पाहा! तुमच्या अंगातला ताप भिंती ओलांडून या पाण्यात उतरलाय. कसा तडफडतोय बघा! चार दिवसांत मरून नाहीसा होईल. शोधलात तरी सापडायचा नाही."

"बाप रे!" गर्दी एका सुरात म्हणाली.

सहा दिवसांपूर्वी बाबांनी घरोघरी अशी एकेक बरणी दिली होती. तीत पाऊण पाणी आणि चिमूटभर मंतरलेल्या पानांचा चुरा घालायचा. बरणी सावलीत ठेवायची. झाकण लावायचं नाही, नाहीतर ताप आत कसा शिरणार? पाणी चाळीस दिवस ओतायचं नाही, फक्त कमी झालं की भर घालायची. तेवढ्या दिवसांत घरात मुंगीसुद्धा मारायची नाही. आणि आजारी माणसाला इमारतीबाहेर न्यायचं नाही, कारण मग बंधन तुटतं. एकेचाळिसाव्या दिवशी ताप गावाबाहेर! मागच्या वर्षी नदीपलीकडच्या वस्तीत असंच झालं होतं म्हणे, त्याच्या मागच्या वर्षी बाजारात. दोन्हीकडे चाळीस दिवस झाले आणि ताप गेला. साक्षीदार हवे तितके होते.

गर्दीच्या कडेला ओली छत्री झटकत एक बाई उभी होती. तिला सगळे पाऊसबाई म्हणत. शहराच्या टोकाला जी वेधशाळा आहे तिथे बावीस वर्षं रोज सकाळी पाऊस मोजायचा, पारा बघायचा, वहीत लिहायचं, हे तिचं काम. नवरा नाही, मूल नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती, तिची धाकटी बहीण आणि बहिणीची आठ वर्षांची मुलगी चिमी. बहिणीचा नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी.

पाऊसबाईने बरणीत डोकावून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे डबक्यातले किडे आहेत!"

"कोण बोललं?" बाबा गोड हसले. "डबकं कुठंय, ताई? काचेची स्वच्छ बरणी आहे, नळाचं पाणी आहे. किडा आला कुठून? आकाशातून पडला?"

लोक खो खो हसले. पाऊसबाईला उत्तर येत होतं, पण गर्दी हसली की उत्तर घशातच राहतं. शिवाय बाबांचा तो आवाज आपण कुठंतरी ऐकलाय असं तिला वाटत होतं, आणि कुठं ते काही आठवत नव्हतं.

"बाई, तुम्ही पावसाचं बघा," शिंपीकाका फटकारून म्हणाले. "तापाचं बाबा बघतील."

शिंपीकाकांचं शिलाई मशीन इमारतीच्या प्रवेशद्वारातच असे. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांच्या चष्म्याखालून जाई. त्या दिवशी त्यांची बायको जिन्याच्या पायरीवर चादर लपेटून बसली होती. चार दिवस तापाने फणफणलेली होती आणि आज सकाळी तिचं अंग गार लागत होतं. बाबांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "बघा! यांचा ताप पाण्यात गेला!" शिंपीकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बाबांचे पाय धरले.

शिंपीणकाकू दोन दिवसांनी गेली. पोट दुखतंय, पोट दुखतंय म्हणत होती. हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय बर्फासारखे झाले आणि पहाटे संपली.

माणूस मेल्यावर तरी लोक शहाणे होतील असं वाटतं ना? बाबा आले, मान हलवत शिंपीकाकांच्या घरातल्या बरणीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "खक्-खक्. बरणी जागची हलली होती का?" बिचारे काका आठवू लागले. काकू झाडताना बरणी उचलून ठेवायची, हे त्यांना आठवलं. "मग मी काय करणार?" बाबा म्हणाले. "बंधन त्यांनीच मोडलं." झालं. खून पचावा तसा तो मृत्यू पचला. आणि शिंपीकाका, ज्यांनी बाबांची मानगूट धरायला हवी होती, ते मेलेल्या बायकोला बोल लावत बाबांचे पहारेकरी झाले. दवाखान्याची माणसं साठलेलं पाणी तपासायला आली तेव्हा दाराचं लोखंडी जाळीचं फाटक ओढून काकांनी त्यांना बाहेरच्या बाहेर पिटाळलं.

चार दिवसांनी सगळ्या बरण्यांतले किडे नाहीसे झाले. पाणी अगदी स्वच्छ. "मेला ताप!" म्हणून लोकांनी बाबांना डोक्यावर घेतलं.

आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप असा उसळला की बोलायची सोय नाही. चौदा घरांपैकी नऊ घरांत अंथरुणं पडली. "मेलेल्या तापाचे भाऊबंद चवताळून आलेत," असं बाबांनी सांगितलं आणि पानांचा चुरा पुन्हा वाटला. देव पाण्यात ठेवून बसणारी माणसं ऐकली होती, इथे लोक ताप पाण्यात ठेवून बसले होते.

पाऊसबाई घरी बहिणीला सांगून थकली. "अगं, मी बावीस वर्षं वही लिहितेय. चार दिवस पाऊस, चार दिवस ऊन, हवेत ओल, रात्रीही गरमच. असं झालं की तीनचार आठवड्यांनी दवाखाने भरतात. दर वर्षी. रात्री गार झाल्या की दोन आठवड्यांत ताप आपोआप ओसरतो. यात बाबाचं काय कर्तृत्व? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ!"

"ताई, तुझा पारा तुझ्यापाशी ठेव," धाकटी म्हणाली. "शिंपीणकाकूचं काय झालं ते पाहिलंस ना? मला माझ्या पोरीचा जीव टांगणीला लावायचा नाही. बरणी राहू दे."

बरणी राहिली. चिमीच्या पलंगाच्या उशाशी, फळीवर. सव्विसाव्या दिवशी चिमीला ताप आला.

आजारी मुलाला दिवसभर दुसरं काय असतं? चिमी पडल्या पडल्या बरणीकडे बघत राही. पाण्यात आता नवे किडे होते. तिसऱ्या दिवशी पाऊसबाई कपाळावरची पट्टी बदलत होती तेव्हा चिमी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, एक सांगू? आईला नको सांगूस. ते किडे मरत नाहीत."

"मग?"

"ते आधी वाकडे होतात. मग वर येतात, पाठ फाडतात, जुने कपडे पाण्यावरच टाकतात आणि उडून जातात. मी दोन पाहिले. पायाला पांढरे पट्टे होते."

पाऊसबाई चटकन बरणीपाशी गेली. पाण्यावर पारदर्शक टरफलं तरंगत होती, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ. तिने कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं ढगांकडे मान वर करून पाहणाऱ्या बाईला उशाशी काय चाललंय ते एका तापलेल्या पोरीने दाखवलं!

आपण ओरडलो तर बहीण ऐकणार नाही आणि खाली लोक हसतील, हे तिला ठाऊक होतं. पुरावा हवा होता. वेधशाळेत हवेतली ओल मोजायला एका तापमापकाच्या टोकाला पातळ मलमल गुंडाळतात. त्या मलमलीचा एक तुकडा तिने पिशवीतून काढला, बरणीच्या तोंडावर ताणून बसवला आणि दोऱ्याने घट्ट बांधला. पाण्याला हवा मिळत होती, पण आतून कुणाला बाहेर पडता येणार नव्हतं.

"आई आली की मी त्यावर माझा फ्रॉक टाकीन," चिमी म्हणाली. ताप एकशे तीन होता, पण डोळे चमकत होते.

पाचव्या दिवशी दुपारी पाऊसबाई घरी आली तर धाकटी दारातच हसत उभी. "ताई, उतरला गं ताप! अंग अगदी गार आहे. बाबांचे उपकार!"

पाऊसबाई तिला बाजूला सारून आत शिरली. चिमी भिंतीकडे तोंड करून पाय पोटाशी घेऊन पडली होती. "मावशी, पोट दुखतंय." सकाळपासून तीनदा उलटी झालेली. हात गार, ओठ पांढरे, हिरडीच्या कडेला रक्ताची लाल रेघ.

"शिंपीणकाकूला असंच झालं होतं," पाऊसबाई म्हणाली. "उचल तिला."

"कुठं? नाही हं, ताई! बंधन तुटेल! ताप उतरलाय, आता कशाला—"

"ताप उतरल्यावरच मेली काकू! तुझ्या डोळ्यांसमोर मेली! ऊठ!" आयुष्यात पहिल्यांदा तिने बहिणीच्या दंडाला धरून हिसडा दिला. मग तिची वाट न बघता चिमीला चादरीसकट खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातात बरणी घेतली आणि जिना उतरू लागली. धाकटी रडत रडत मागे आली.

खाली शिंपीकाकांनी खाडकन फाटक ओढलं.

"बाई, परत जा. एकीने बंधन मोडलं, तिची काय गत झाली ते मी भोगतोय. तुम्ही पोरीला नेलंत तर अख्खी इमारत मरेल."

"काका, फाटक उघडा."

"नाही उघडणार!"

शेजारीपाजारी गोळा झाले. "बरोबर आहे काकांचं!" कुणीतरी म्हणालं. चिमीची मान पाऊसबाईच्या खांद्यावर लुळी पडली होती. पाऊसबाईने बरणी मशीनच्या फळीवर दाणकन ठेवली.

"चष्मा लावा, काका. बारीक टाका दिसणारे डोळे आहेत तुमचे. काय दिसतंय ते बोला, मग फाटकाचं बघू."

काका नाइलाजाने वाकले. मलमलीच्या आतल्या बाजूला, काचेला चिकटून, सातआठ डास बसले होते. काळेकुट्ट, पायांवर पांढऱ्या खुणा.

"काळ्या कापडावर पांढरे टाके घातल्यासारखे," काका पुटपुटले. मग त्यांचा आवाज बदलला. "हे... हे तर माझ्या मशीनखाली असतात. दिवसभर पायाला डसतात. गेल्या वीसेक दिवसांपासून. बाबांनी मारायचं नाही म्हणून सांगितलं, म्हणून मी..."

"परवा मी मलमल बांधली तेव्हा आत फक्त किडे होते. बाहेरून मुंगी शिरली नाही. हाच तुमचा मेलेला ताप, काका. तो मेला नव्हता, त्याला पंख फुटले होते. आजाऱ्याला चावून मग निरोग्याला चावणारा हाच. आपण प्रत्येक घरात तो पाळला, त्याला पानांचा चुरा खाऊ घातला आणि मारायचा नाही म्हणून शपथ घेतली!"

काका त्या काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी फाटक ढकललं. "जा," ते म्हणाले. "रिक्षा मी बोलावतो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमीला लगेच सलाइन लावलं आणि धाकटीला चांगलं फैलावर घेतलं. "या आजारात ताप उतरला की खरा धोका सुरू होतो. पोटदुखी, उलट्या, गार हात, म्हणजे धावत यायचं. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मी काहीच करू शकले नसते." धाकटी भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. दोन दिवस चिमीचा जीव वरखाली होत होता. तिसऱ्या दिवशी तिने भूक लागली म्हणून भोकाड पसरलं, तेव्हा पाऊसबाईही रडली.

दोन दिवसांनी ती कामावर गेली. सकाळची नोंद लिहिते न लिहिते तोच टेबलावरचा फोन वाजला.

"खक्-खक्. ताई, रोपवाटिकेतून बोलतोय. रात्रीचा पारा पंधराच्या खाली कधी येतोय हो? आमच्या नाजूक रोपांची काळजी वाटते."

तोच घसा, तोच गोड आवाज. बरणीबाबा! तीन वर्षं! तीन वर्षं हा गोड बोलणारा रोपवाटिकेवाला पावसाळा सरत आला की तिला फोन करून थंडी कधी पडेल ते विचारायचा. ती कौतुकाने सांगायची. एवढी आस्था कोण दाखवतं हवामानाबद्दल? अंदाज बदलला तर कळवा म्हणून त्याने आपला नंबरही दिला होता. म्हणजे बाबाला चाळीस दिवसांचं गणित तिने स्वतःच्या तोंडाने पुरवलं होतं! संताप आणि लाज एकदमच तिच्या डोक्यात चढली. पण आवाज तिने तसाच ठेवला, आणि जे खरं होतं तेच सांगितलं.

"यंदा उशीर आहे. ढग येताहेत. अजून आठवडाभर तरी पारा उतरत नाही."

"बरं झालं सांगितलंत, ताई, बरं झालं!" फोन बंद झाला.

तिने कागदावर दोन ओळी लिहिल्या, पाकिटात घातल्या आणि दुपारी शिंपीकाकांच्या हातात दिल्या. "आज संध्याकाळी बाबा बोलले की उघडा. आधी नाही."

संध्याकाळी अंगण पुन्हा भरलं. चिमीची गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेली होती, तरी निम्मी माणसं बाबांकडेच आशेने बघत होती. पाचसहा दिवसांनी चाळीस भरणार होते ना! बाबा स्टुलामागे उभे राहिले.

"खक्-खक्. कुणीतरी मुलीला बाहेर नेलं. कुणीतरी बरणीला फडकं बांधलं. तापाला राग आलाय. आता चाळीस दिवसांत भागणार नाही. बंधन सात दिवस वाढवावं लागेल. सत्तेचाळीस!"

शिंपीकाका मशीनमागून उठले. गळ्यात मापाची फीत तशीच होती. पाकीट फाडून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'बाबा आज चाळिसाचे सत्तेचाळीस करतील. कारण थंडी एक आठवडा लांबली आहे, आणि ते मी त्यांना आज सकाळी फोनवर सांगितलं आहे.'" त्यांनी कागद फिरवून सगळ्यांना दाखवला. "हा मला दुपारी दोन वाजता मिळाला."

"खोटं! मी या बाईला कधी फोन केलेला नाही!"

पाऊसबाईने पर्समधून फोन काढला आणि रोपवाटिकेवाल्याचा नंबर लावला.

राखाडी शालीत खणखणीत घंटी वाजली.

"घ्या की, बाबा," पाऊसबाई म्हणाली. "रोपांची चौकशी करायची आहे."

बाबांनी शालीत हात घालून फोन बंद करायची धडपड केली. तो हातातून निसटला आणि स्टुलाखाली वाजत राहिला. "मी... थंडीसुद्धा मीच आणतो!" बाबा ओरडले.

"मग आजच आणा की!" पोछावाली बाई कडाडली. तिचे दोन मुलगे अंथरुणावर होते.

पाऊसबाईने मलमल बांधलेली बरणी स्टुलावर ठेवली आणि एकेकाला जवळ बोलावून दाखवली. उघड्या बरणीतल्या पाण्यात डास अंडी घालतो, आणि गरम, ओलसर हवेत त्यातला किडा आठदहा दिवसांत डास होतो. ऊब असली की त्या डासाच्या पोटात आजारही लवकर पिकतो. गारठा पडला की दोन्ही मंदावतं, म्हणून ताप ओसरतो. आयत्या बिळावर नागोबा व्हावा तसा हा माणूस दर वर्षी थंडीच्या आधी चाळीस दिवस येऊन बसतो, आणि बसल्याजागी डासांची पैदास करून जातो. "नदीपलीकडे आणि बाजारात किती माणसं गेली ते आता तिथल्या लोकांनाच विचारा," ती म्हणाली. बाबा मागच्या मागे सटकत होते, पण फाटक ओढलेलं होतं आणि तिथे शिंपीकाका उभे होते. या खेपेला त्यांनी आरोग्य खात्याची माणसं येईपर्यंत फाटक उघडलं नाही.

सगळे शहाणे झाले का? छे! "डास असतील, पण बाबांच्या हातात काहीतरी होतंच," असं म्हणणारी माणसं त्या इमारतीत आजही आहेत. पालथ्या घड्यावर पाणी. पण पालथा घडा एका अर्थी बरा, निदान त्यात डास तरी होत नाहीत.

त्या संध्याकाळी चौदा बरण्या अंगणातल्या कोरड्या मातीत रिकाम्या झाल्या. शेवटची शिंपीकाकांची. ती हातात धरून ते पाऊसबाईपाशी आले.

"बाई," ते म्हणाले, "तिने बरणी हलवली म्हणून ती गेली, असं मी तिच्या माघारी सगळ्यांना सांगत फिरलो. तिची चूक होती का हो?"

"काही चूक नव्हती तिची," पाऊसबाई म्हणाली. "घरात साठलेलं पाणी हलवणारी या इमारतीत ती एकटीच होती, काका. तिने ते ओतून टाकलं असतं तर आपण तिच्यावर ओरडलो असतो."

काकांनी बरणी उपडी केली. मग ते मशीनपाशी खाली बसले आणि बायकोच्या नावाने मोठ्याने रडले, महिनाभरात पहिल्यांदा.

बाबा रोज नवे जन्मतात. कुणी पाण्यात ताप दाखवेल, कुणी राखेत. त्याला एवढंच विचारा, की जे नाहीसं झालं ते गेलं कुठं? उत्तर मिळेपर्यंत पाय धरू नका. आभाळाकडे लक्ष ठेवा, पाऊस पडून ऊन पडलं की आठवड्यातून एकदा घरातलं प्रत्येक साठलेलं पाणी ओता, आणि ताप उतरला म्हणून बेसावध राहू नका, माणसाच्या हातापायांना हात लावून पाहा. याला ना मंत्र लागतो ना शाल.

शिंपीकाकांच्या मशीनवर आता एक काचेची बरणी असते. तिच्यात बटणं आहेत आणि तिला घट्ट झाकण आहे. माप द्यायला कुणीही आलं की काका गळ्यातली फीत काढायच्या आधी विचारतात, "घरात कुणी आजारी आहे का? मग कपडे राहू द्या, आधी त्याला दवाखान्यात न्या."